बाबा कॅमेऱ्याशी बोलतात

दातांच्या दवाखान्यात दुपारची गर्दी ओसरली, की थोरली काउंटरच्या आड मोबाइल धरून वडिलांचं घर बघत असे. सवयच लागली होती तिला. आधी बैठकीची खोली, मग स्वयंपाकघराचं दार, मग जिना. तिन्ही चौकोन जागच्या जागी दिसले की जिवाला बरं वाटायचं आणि पुढच्या पेशंटला आत सोडायला ती मोकळी व्हायची. त्या दुपारी मात्र पहिल्याच चौकोनावर तिचं बोट अडलं. बाबा खुर्चीत बसले होते, मान वर करून थेट तिच्याकडे बघत होते, आणि हसत होते.

हसत होते म्हणजे गालातल्या गालात नव्हे. खांदे गदगदत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, परत लावला, आणि पुन्हा वर बघून हातवारे करत काहीतरी सांगू लागले. खोलीत दुसरं चिटपाखरू नव्हतं. कॅमेरा दाराच्या वर बसवलेला, त्यामुळे ते आपल्याशीच बोलताहेत असं तिला वाटलं आणि तिनं नकळत हात वर केला. समोर बाकावर बसलेल्या बाईंना वाटलं आपला नंबर आला. त्या उठून आल्या. त्यांना परत बसवताना थोरलीची पुरती तारांबळ उडाली.

एरवी ती दवाखान्यात आवाज बंदच ठेवायची. त्या दिवशी तिनं आवाजाचं चिन्ह दाबून पाहिलं. पडद्यावर अक्षरं आली : आवाज सध्या उपलब्ध नाही. मग तिनं सरळ बाबांना फोन लावला. पडद्यावरचे बाबा दचकले. त्यांनी कॅमेऱ्याकडे तळहात धरला, रस्त्यात गाडीला थांब म्हणावं तसा, आणि मग फोन उचलला.

काय करताय, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, "काही नाही गं. बसलोय. तू बघतेसच की."

ते खरंच होतं. तिनं फोन ठेवला.

बाबा चावीवाले होते. बाजाराच्या तोंडाशी त्यांची एक अरुंद टपरी होती, तिच्यात बसून त्यांनी उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात आणि चाव्या घासण्यात घालवला. आई गेल्यावर टपरी बंद केली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटेच राहू लागले. माझ्याकडे चला म्हणून थोरलीनं घसा कोरडा केला, पण ते दाद देईनात. मग मागच्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरला. खालच्या काकूंना आवाज ऐकू आला म्हणून निभावलं. दुसऱ्याच आठवड्यात थोरली कॅमेरावाल्याला घेऊन हजर झाली.

बाबांना ते मुळीच रुचलं नव्हतं. आयुष्यभर लोकांची बंद दारं उघडून दिली, पण कधी आत डोकावलो नाही, आणि आता माझ्याच घरात डोकावायला तू डोळा बसवतेस, असं ते म्हणाले. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो, आता डोळेही आले. पण पडल्यापासून त्यांचा आवाज जरा खालच्या पट्टीत आला होता, त्यामुळे त्यांनी ड्रिल चालू दिलं. कॅमेरावाल्यानं टीव्हीखालच्या शोकेसमध्ये काळी पेटी बसवली. तो तिला डीव्हीआर म्हणे, बाबा डबा म्हणत. चित्रं डब्यातल्या डिस्कवर साठतात, डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं उमटतं, जागा वाचावी म्हणून आवाज साठवत नाही, थेट बघताना ऐकता येतो, अंधारातही दिसतं, मोबाइलवरून बोलताही येतं, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. थोरली तेव्हा भिंतीचा पडलेला चुरा झाडत होती. अर्धं ऐकलं, अर्धं सोडून दिलं.

तो गेल्यावर बाबांनी विचारलं होतं, "यात तुला सगळं दिसतं?"

"सगळं."

"ऐकूही येतं?"

बाबा गोळ्या चुकवतात आणि काकूंना ते फुशारकीनं सांगतात, हे थोरलीला ठाऊक होतं. जरा वचक राहावा म्हणून ती म्हणाली, "हो तर. शब्द न् शब्द."

बाबांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग "बरं," एवढंच म्हणाले.

आता त्या हसण्यानं तिच्या डोक्यात किडा शिरला. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं डब्यात साठलेली जुनी चित्रं मोबाइलवर उघडली. एक दिवस मागं गेली, मग दोन, मग जमेल तितके. रोज दुपारी तोच प्रकार. बाबा स्टूल ओढून खुर्चीपुढे घ्यायचे, वर बघायचे, आणि ओठ हलायला लागायचे. एके दिवशी त्यांनी ब्लड प्रेशरचं मशीन दंडाला लावलं, आकडे आले तसं ते उचलून कॅमेऱ्यापुढे धरलं. मग गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायले, आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली, लहान पोरानं आईला दाखवावी तशी. दुसऱ्या एका दिवशी त्यांनी जुनं कुलूप खोललं. एकेक स्प्रिंग, एकेक पितळी पट्टी चिमटीत धरून वर दाखवत होते, थांबत होते, मान हलवून नाही नाही म्हणत होते, पुन्हा तीच पट्टी फिरवून दाखवत होते. मध्येच वैतागून कपाळाला हात लावत होते. रिकाम्या भिंतीवर माणूस कशाला वैतागेल, हे काही तिला उमगेना.

सगळ्यात वाईट म्हणजे ते काही वेळा नुसते ऐकत बसायचे. मान खाली, बोटं स्टुलावर, आणि मधूनमधून हुंकार दिल्यासारखी हलणारी हनुवटी. ते दिसलं की थोरली चित्र पुढे सरकवायची.

नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "एकटे आहेत ते. मी एकटा असतो तर फ्रिजशीही बोललो असतो."

"फ्रिज उत्तर देत नाही. यांना कुणीतरी देतंय असं दिसतंय."

"मग कॅमेरा देत असेल," असं म्हणून तो दाढी करायला गेला.

आवाजाचं काय झालंय ते बघा, म्हणून तिनं कॅमेरावाल्याला कळवलं. तो सकाळीच जाऊन तपासून आला आणि दवाखान्यात फोन करून म्हणाला, की आवाज ठणठणीत आहे, फक्त एका वेळी एकालाच मिळतो. ती म्हणाली, मी एकटीच तर बघते. त्यावर तो जरा घुटमळला. मग "हो मॅडम, घरातलीच माणसं," असं काहीतरी म्हणाला. तेवढ्यात आत डॉक्टरांचं दात कोरायचं यंत्र सुरू झालं आणि तिनं फोन ठेवला. त्याचं बोलणं तिच्या कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

डोक्यात दुसरंच घोळत होतं. या गोष्टी भावाला सांगायच्या असतात. पण धाकट्याशी तिचं बोलणं चार वर्षांपासून बंद होतं. आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा थोरली गाडीत होती, वाटेत होती. आणि ती पोचायच्या आत धाकट्यानं ऑपरेशनच्या कागदावर सही केली होती. आई त्या टेबलावरून उठली नाही. थोरलीचा ऑपरेशनला विरोध होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. त्यानंतर बैठकीच्या खोलीत, सगळ्या नातेवाइकांसमोर, ती म्हणाली होती, की हा या घरात पाऊल टाकेल त्या दिवसापासून मी या घरात येणं बंद करीन. धाकट्यानं चपला घातल्या आणि गेला. दूरच्या एका शहरात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तो कामाला होता. बाबांच्या फोनमध्ये कधी त्याचा नंबर दिसला, तर थोरलीचा चेहरा असा काही उतरायचा, की पुढे पुढे तो दिसेनासाच झाला.

तेव्हा तिनं एकटीनंच ठरवलं आणि बाबांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेलं. पडल्यानंतरची तपासणी आहे, असं सांगितलं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. डॉक्टर बाई मृदू होत्या. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, बाबांनी धडाधड केलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर त्यांनी आतल्या चाकांसकट काढलं. मग बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरी एकटे असता, तेव्हा बोलता का कुणाशी?"

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं, की तिला काय करावं कळेना. लाजरं, आणि जरा गर्वाचंही.

"बोलतो की. रोज बोलतो. हिला माहीत आहे सगळं."

बाईंनी थोरलीकडे पाहिलं. परक्यांसमोर वडिलांचा पाणउतारा नको म्हणून ती म्हणाली, "हो. माहीत आहे मला."

बाई म्हणाल्या, बुद्धी तल्लख आहे, काळजीचं आत्ता काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा. लक्ष तर ती डोळ्यांत तेल घालून ठेवतच होती. लक्ष ठेवूनच तर ही पाळी आली होती.

जिना उतरताना बाबा कठडा धरून मध्येच थांबले. म्हणाले, "तू त्यावरून चकार शब्द काढला नाहीस. मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी येऊन कॅमेरा उखडून नेशील. मन मोठं आहे तुझं."

तिला वाटलं, स्वतःशी बोलतो म्हणून ओशाळले आहेत. "असू दे, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटतं ना? मग चालू दे."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत. रिक्षात बसल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. मोठं मन कशासाठी? आपण नेमकं काय चालू दे म्हणालो? जितका विचार केला तितका गुंता वाढला. दोन दिवस तिनं चुकीच्या पेशंटांना चुकीच्या वेळा दिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारची रजा टाकली आणि न कळवता बाबांचं घर गाठलं.

दाराचं कुलूप बाबांनी स्वतः बसवलेलं, लोण्यात सुरी फिरावी तशी त्यात चावी फिरायची. पण चावी लावायच्या आधीच तिला आतून बोलणं ऐकू आलं. आधी बाबांचा आवाज : अरे, उलटी बसवलीस पट्टी, काढ ती. मग दुसरा एक आवाज, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा चपटा. त्या आवाजानं काहीतरी म्हटलं आणि बाबा हसले. थोरलीनं चावी फिरवून दार ढकललं आणि ती उंबऱ्याच्या आत, दाराला पाठ लावून, जिथं होती तिथंच उभी राहिली.

बाबा खुर्चीत होते, स्टुलावर कुलूप खोललेलं होतं, आणि ते जराही दचकले नाहीत. "ये, ये," म्हणाले. "आज लवकर?"

"ताई आली का?" तो चपटा आवाज तिच्या डोक्याच्या वरून आला.

धाकट्याचाच होता तो. चार वर्षांत तसूभर बदलला नव्हता. तिनं मान वर केली, तर भिंत आणि कॅमेऱ्याचं बूड.

"ताई, पुढे ये ना. तिथं उभी राहिलीस की दिसत नाहीस."

ती हलली नाही. तो बोलत राहिला, घाईघाईनं, पुष्कळ दिवस मनात जुळवलेलं बोलावं तसं. जेवणाची सुट्टी संपत आली होती, पण तिच्याशी एकदा बोलायचंच होतं. पहिल्या दिवशीच ती बंद करील असं त्याला वाटलं होतं. ती रोज ऐकते आहे आणि काही म्हणत नाही, असं बाबा सांगायचे, तेव्हा त्याचा विश्वास बसत नसे. त्यानं तिथं भंगारातून तसंच एक कुलूप आणलं होतं आणि बाबा ते शिकवत होते. टपरीत असताना कधी शिकला नाही ते आता.

बाबा दोघांच्या मध्ये बसून कौतुकानं ऐकत होते. आता या घडीला होकार भरला असता, की सगळं गोड झालं असतं. थोरलीला ते कळत होतं. 

"मला काही ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली.

बाबांनी आधी वर पाहिलं, मग तिच्याकडे.

"नुसतं दिसत होतं. बाबा भिंतीशी बोलताहेत, एवढंच दिसत होतं. मला वाटलं, त्यांना भास होतात. म्हणून तर डॉक्टरकडे नेलं."

बाबांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर स्टुलावर ठेवला. "पडलो होतो म्हणून नेलंस ना?" त्यांनी विचारलं. मग उमज पडला तसं ते हसायला लागले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच थांबले. आता गोंधळायची पाळी त्यांची होती. तिनं विचारलं, मला सांगितलं का नाही. ते म्हणाले, "तुला विचारलं होतं, ऐकू येतं का. तू म्हणालीस, शब्द न् शब्द. मग सांगायचं काय राहिलं? आणि तुझी अट मी मोडली नाही. पाऊल टाकायचं नाही म्हणाली होतीस. त्यानं टाकलेलं नाही."

थोड्या वेळानं बाकीचंही त्यांनी सांगितलं. सुटलेली वायर जोडायला कॅमेरावाला परत आला होता, तेव्हा माझ्या मुलाच्याही मोबाइलवर हे जोडून दे, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. घरातलाच माणूस, म्हणून त्यानं जोडून दिलं. फोन कानाला लावला की ऐकायचं यंत्र कानात शिट्टी मारतं. इथं कसं, हात मोकळे राहतात आणि आवाज मोठा येतो. एवढं सांगून ते उठले, चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेले, आणि तिथला नळ उगीचच जोरात सोडला.

"मग बंद करतो मी," वरून आवाज आला. "तू म्हणशील तसं."

थोरली अजून दाराला टेकून होती. तिच्या तोंडून वेगळंच निघालं. "त्या दिवशी माझ्यासाठी थांबला का नाहीस? मी पोचतच होते."



"डॉक्टर म्हणाले, थांबायला वेळ नाही. खरंच नव्हता का, ते मला आजही माहीत नाही, ताई. मला वाटलं होतं, आई चालत घरी येईल."

या प्रश्नाची त्याची पुष्कळ उत्तरं तिनं चार वर्षांत मनाशी कल्पून ठेवली होती, आणि प्रत्येकाला तोडीस तोड जबाबही. हे उत्तर त्यांत नव्हतं. आतला नळ वाहत राहिला.

"ताई, आहेस का?"

ती पुढे गेली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून ऊबदार होती. समोर वर काचेचा एक काळा डोळा आणि एक लाल ठिपका. त्याचा चेहरा कुठेच नाही. त्याला ती दिसत होती, तिला तो दिसत नव्हता, आणि बोलताना नेमकं कुठे बघायचं तेही कळत नव्हतं.

"मी इथं येते, तेव्हाही बघतोस?"

"तू आलीस की बंद करतो. एकदा नाही केलं. आईचं कपाट आवरत होतीस तेव्हा."

तिला तो दिवस आठवला. कपाट आतल्या खोलीतलं, पण कपडे तिनं बैठकीत आणून लावले होते. आईची शाल स्वतःच्या अंगावर घेऊन ती किती तरी वेळ खोलीच्या मधोमध उभी राहिली होती. हे कुणी पाहिलं असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिचे कान तापले. ही चोरीच झाली की, असं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की आईचं कपाट मी एकटीनं आवरलं, एकटीनं, हे आपण आजवर ज्याला त्याला सांगत आलो. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि त्यातलं कुठलं खरं धरायचं ते तिला ठरवता येईना.

"वाळलीस तू," तो म्हणाला.

"चित्र धड नाही तुझं."

कुठेतरी त्याच्या मागे भोंगा वाजला. जातो, असं त्यानं म्हटलं, किंवा तिला तसं वाटलं. तोवर आवाज तुटला होता. बाबा दोन कप घेऊन बाहेर आले, एक तिच्या हातात दिला आणि विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली, त्याची सुट्टी संपली. मग दोघांनी चहा घेतला आणि धाकट्याविषयी कुणी काही बोललं नाही. निघताना बाबांनी विचारलं, उद्यापासून बोलू ना मी. तिनं मान हलवली. ती होकारार्थी होती की नाही हे बाबांनी या खेपेला दोनदा विचारून घेतलं.

घरी पोचली तेव्हा नवरा दारातच भेटला. काय, होतात का भास, असं त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "धाकटा येतोय रविवारी. जेवायला."

"अरे वा. कधी ठरलं?"

थोरली एका पायातली चप्पल काढून तशीच उभी राहिली. ठरलं कधीच नव्हतं. धाकटा येतो म्हणाला नव्हता, बाबांनी सुचवलं नव्हतं, आणि तिनं तर मनातसुद्धा आणलं नव्हतं. तरी शब्द तोंडातून गेले होते, आणि नवरा रविवारी कोण काय आणील याचं बोलायलाही लागला होता.

तिच्याकडे नंबर नव्हता, केव्हाच पुसून टाकलेला. तिनं बाबांना फोन करून मागितला. बाबांनी का म्हणून विचारलं नाही, तोंडपाठ सांगितला. पहिले काही आकडे ऐकल्यावर पुढचे तिलाच आठवत गेले. नंबर तोच होता, पहिल्यापासूनचा.

तिनं लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती आणि तिच्यातून तो म्हणाला, "ताई?"

"रविवारी ये," ती म्हणाली. पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाली, "बाबांकडे." जणू दोघा भावंडांचं आणखी कुठलं दुसरं घर होतं.